बेसबॉलमधील रडार गन आणि वेगमापनाची अचूकता

रडार गन (स्पीड गन) हे हलत्या वस्तूचा वेग सूक्ष्मतरंगांच्या साहाय्याने दुरून मोजणारे, हातात धरता येणारे उपकरण आहे. वाहतूक पोलिसांच्या कामासाठी विकसित झालेले हे उपकरण १९७० च्या दशकात अमेरिकेतील बेसबॉलमध्ये आले आणि पिचरने (चेंडू फेकणाऱ्या खेळाडूने) टाकलेल्या चेंडूचा वेग मोजण्याचे ते प्रमुख साधन बनले. भारतीय वाचकाला हे उपकरण क्रिकेटच्या प्रक्षेपणामुळे परिचित आहे. २००३ च्या विश्वचषकात केपटाउन येथे शोएब अख्तरच्या चेंडूचा १६१.३ किमी प्रतितास हा वेग अशाच मापनातून नोंदला गेला.

रडार गनच्या पडद्यावर उमटणारा आकडा हा चेंडूचा वेग असतो, असे सर्वसाधारणपणे गृहीत धरले जाते. काटेकोरपणे बोलायचे तर तो चेंडूच्या वेगाचा गनच्या दिशेने असलेला घटक असतो, आणि तोही मार्गावरील एका विशिष्ट टप्प्यावरचा. गन कोठे, किती उंचीवर आणि कोणत्या कोनात मांडली आहे यावर तो घटक ठरतो. त्यामुळे साध्या गनने नीट घेतलेले माप हे महागड्या गनने चुकीच्या जागेवरून घेतलेल्या मापापेक्षा अधिक विश्वसनीय ठरते.

इतिहास

रडारपूर्वी चेंडूचा वेग मोजण्यासाठी अनेक युक्त्या योजल्या गेल्या. १९४६ मध्ये वॉशिंग्टनच्या ग्रिफिथ स्टेडियममध्ये बॉब फेलर याचा चेंडू अमेरिकी सैन्याच्या प्रकाशविद्युत कालमापकातून जाऊ देण्यात आला. तोफगोळ्यांचा वेग मोजण्याच्या जातीचे ते यंत्र होते. त्यावर ९८.६ मैल प्रतितास (सुमारे १५८.७ किमी प्रतितास) अशी नोंद झाली. चेंडू एका चौकटीतून गेला पाहिजे अशी अट असल्याने चालू सामन्यात या पद्धतीचा उपयोग नव्हता.

रस्त्यावरील वाहनांसाठी रडारचा वापर दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४७ च्या सुमारास अमेरिकेतील कनेटिकट राज्यात सुरू झाला. ते उपकरण बेसबॉलच्या मैदानावर आणण्याचे श्रेय मिशिगन स्टेट विद्यापीठाचे प्रशिक्षक डॅनी लिटव्हायलर यांना दिले जाते. विद्यापीठाच्या आवारातील पोलिसांकडे रडार गन आल्याचे वाचून त्यांनी १९७४ मध्ये ती चेंडूवर वापरून पाहिली. पुढे चेंडूफेकीची यंत्रे बनवणाऱ्या जग्ज या कंपनीने खेळासाठी वेगळी गन तयार केली. त्याच वर्षी नोलन रायनचा चेंडू कॅलिफोर्नियात वेगळ्या उपकरणाने मोजला गेला आणि १००.९ मैल (सुमारे १६२.४ किमी) ही नोंद गाजली.

पुढील काही वर्षांत निरनिराळ्या बनावटीच्या गन आल्या आणि त्यांच्या आकड्यांत चार-चार मैलांचा फरक पडू लागला. खेळाडू हेरणाऱ्या मंडळींच्या बोलीत ‘फास्ट गन’ आणि ‘स्लो गन’ असे शब्द रूढ झाले. यांपैकी कोणतेही यंत्र बिघडलेले नव्हते. एक चेंडू हातातून सुटल्याबरोबर वेग पकडत होते, तर दुसरे तो फळीपाशी आल्यावर. मेजर लीगच्या मैदानांवर आता गनची जागा मुख्यतः कॅमेऱ्यांवर आधारलेल्या प्रणालींनी घेतली आहे. शाळा, महाविद्यालये, सराव मैदाने आणि निवड चाचण्या येथे मात्र गनच वापरली जाते.

कार्यतत्त्व

गन एका ठरावीक वारंवारतेचे सूक्ष्मतरंग सोडते. ते चेंडूवर आदळून परत येतात. चेंडू गनकडे येत असेल तर परतलेल्या तरंगांची वारंवारता किंचित वाढलेली असते आणि दूर जात असेल तर घटलेली असते. ऑस्ट्रियन शास्त्रज्ञ ख्रिश्चन डॉप्लर यांनी १८४२ मध्ये मांडलेला हाच तो डॉप्लर परिणाम. रेल्वेची शिटी गाडी जवळ येताना चढी आणि पुढे निघून जाताना उतरती ऐकू येते, तेही याच कारणाने. वारंवारतेतील फरक हा वेगाच्या दुपटीला मूळ वारंवारतेने गुणून प्रकाशाच्या वेगाने भागले असता मिळतो. तरंग जाताना आणि येताना असा दोनदा परिणाम घडतो, म्हणून दुप्पट.

खेळासाठीच्या अनेक गन के-बँडमध्ये, म्हणजे सुमारे २४.१५ गिगाहर्ट्झवर चालतात. या वारंवारतेला वेगाच्या प्रत्येक मैलामागे सुमारे ७२ हर्ट्झ फरक पडतो. ९० मैल (सुमारे १४५ किमी) वेगाच्या चेंडूसाठी हा फरक जवळजवळ ६,५०० हर्ट्झ होतो. चोवीस अब्ज कंपनांत साडेसहा हजारांचा फरक ओळखणे अशक्यप्राय वाटेल, पण गन सोडलेला आणि परतलेला तरंग एकमेकांत मिसळून थेट फरकाचीच कंपने मोजते. ही कंपने माणसाच्या कानाला ऐकू येणाऱ्या टप्प्यात पडतात. के-ए बँडमधील ३४.७ गिगाहर्ट्झच्या गनमध्ये दर मैलामागे सुमारे १०३ हर्ट्झ फरक पडतो, त्यामुळे कमी वेळात अधिक बारकाईने मोजता येते.

मोजणीचा हा इलेक्ट्रॉनिक भाग आता इतका पक्का झाला आहे की, बहुतेक गनची अचूकता एका मैलाच्या आतबाहेर असते. याहून मोठ्या चुका यंत्राबाहेर घडतात.

कोनामुळे येणारी चूक

चेंडू सरळ गनच्या रोखाने येत असेल तरच त्याचा पूर्ण वेग नोंदला जातो. चेंडूचा मार्ग आणि गनपासून चेंडूपर्यंतची रेषा यांत कोन असेल, तर गन खऱ्या वेगाला त्या कोनाच्या कोसाइनने गुणून येणारा आकडा दाखवते. शालेय त्रिकोणमितीचा इतका रोकडा उपयोग क्वचितच दिसतो.

लहान कोनांना हा परिणाम जवळजवळ जाणवत नाही आणि तेथेच फसगत होते. खरा वेग १४५ किमी असेल तर ५ अंशांच्या कोनात गन १४४.४ दाखवील. १० अंशांना १४२.८, २० अंशांना १३६.३ आणि ३० अंशांना १२५.६. म्हणजे पहिल्या पाच अंशांत अर्ध्या किलोमीटरचे नुकसान होते, तर वीसपासून तीस अंशांपर्यंतच्या दहा अंशांत जवळजवळ अकरा किलोमीटरचे. पहिल्या बेसच्या बाजूला, मार्गाशी ४५ अंश करून बसलेल्या हौशी पालकाच्या गनवर हाच चेंडू १०२.५ किमी असा उमटेल.

ही चूक नेहमी एकाच दिशेची असते. कोसाइनचे मूल्य एकाहून अधिक होत नाही, त्यामुळे कोनामुळे आकडा कमीच होतो, कधीही वाढत नाही. एखादा आकडा अवाजवी मोठा आला, तर त्याचे कारण कोनाव्यतिरिक्त अन्यत्र शोधावे लागते.

गन बाजूला असेल तर चेंडूच्या प्रवासात कोन स्थिर राहत नाही, हेही ध्यानात घ्यावे लागते. समजा, गन होम प्लेटच्या ८ मीटर मागे आहे, पण मधल्या रेषेपासून ३ मीटर बाजूला आहे. चेंडू हातातून सुटतो तेव्हा तो गनपासून सुमारे २५ मीटरवर असतो आणि कोन ७ अंशांच्या आत असतो. आकडा एक टक्क्याहूनही कमी घटतो. तोच चेंडू प्लेटवर पोहोचतो तेव्हा कोन २० अंशांच्या पुढे गेलेला असतो आणि घट सहा टक्क्यांवर जाते. काही गनमध्ये कोन भरून दुरुस्ती करण्याची सोय असते, परंतु ती दुरुस्ती एकच ठरलेला कोन धरून होते. बदलत्या कोनावर तिचा इलाज नाही, मधल्या रेषेवर जाणे हाच इलाज आहे.

कोणत्या बिंदूवरचा वेग?

पिचरच्या पायाखालील रबरी पट्टीपासून होम प्लेटच्या मागच्या टोकापर्यंतचे अंतर ६० फूट ६ इंच (१८.४४ मीटर) असते. पिचर पुढे पाऊल टाकून चेंडू सोडतो, म्हणून चेंडूचा प्रत्यक्ष प्रवास सुमारे ५५ फुटांचा होतो. त्याला लागणारा वेळ साधारण ०.४ सेकंद. एवढ्या वेळात हवेच्या विरोधामुळे चेंडू आपला सुमारे ८ टक्के वेग गमावतो. हातातून १४५ किमी वेगाने सुटलेला चेंडू प्लेटपाशी १३३ किमीच्या आसपास असतो. हे दोन्ही आकडे खरे आहेत. चूक होते ती एका खेळाडूचा पहिला आणि दुसऱ्याचा दुसरा आकडा घेऊन तुलना करताना.

प्लेटच्या मागे धरलेल्या गनला दूरच्या चेंडूपेक्षा जवळचा चेंडू अधिक ठळक दिसतो. परत येणाऱ्या तरंगांची शक्ती अंतराच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात बदलते. वरील उदाहरणात चेंडू २५ मीटरवर असताना आणि ८ मीटरवर असताना मिळणाऱ्या परताव्यांची तुलना केली, तर दुसरा सुमारे ९५ पट प्रबळ येतो. संवेदनक्षमता कमी ठेवलेली किंवा जुन्या बनावटीची गन म्हणूनच चेंडू अर्ध्या वाटेवर आल्याशिवाय त्याची दखल घेत नाही आणि तोपर्यंत त्याचा वेग उतरलेला असतो. ‘स्लो गन’चे रहस्य हेच होते.

या फरकाचे प्रसिद्ध उदाहरण अरोल्डिस चॅपमन याच्या चेंडूचे आहे. २४ सप्टेंबर २०१० रोजी सॅन डिएगो येथे त्याने टाकलेल्या चेंडूची १०५.१ मैल (१६९.१ किमी) अशी नोंद झाली. पुढे मेजर लीगने वेग हातातून सुटण्याच्या बिंदूवर मोजण्याची पद्धत स्वीकारल्यावर त्याच चेंडूचा आकडा १०५.८ मैल असा सुधारून देण्यात आला. जुन्या आणि नव्या पिचरांची तुलना करणाऱ्यांनी हे उदाहरण विसरू नये. फेलर आणि रायन यांची मापे चेंडू प्लेटजवळ आल्यावरची होती, आजची हातापाशी घेतलेली आहेत.

गनची मांडणी

सर्वोत्तम जागा कॅचरच्या मागे, पिचरचा हात आणि होम प्लेट यांना जोडणाऱ्या रेषेच्या विस्तारावर असते. उजव्या हाताने चेंडू टाकणाऱ्याचा हात मधल्या रेषेपासून काहीसा बाजूला असतो, पण दूरच्या टोकाकडील या फरकाने कोन फारसा बदलत नाही. प्लेटपासून जितके मागे जावे तितका कोनाचा त्रास कमी होतो, मात्र परतणारा तरंगही क्षीण होतो. सराव मैदानावर प्लेटच्या मागे पाच ते दहा मीटर ही सोयीची मर्यादा आहे.

उंचीकडे बहुधा दुर्लक्ष होते. गन चेंडू सुटण्याच्या उंचीपेक्षा ५ मीटर वर, प्रेक्षकांच्या पायऱ्यांवर असेल आणि चेंडूपर्यंतचे आडवे अंतर २५ मीटर असेल, तर उभ्या दिशेने ११ अंशांचा कोन पडतो आणि १४५ चे १४२ होतात. चेंडू सुमारे १.८ मीटर उंचीवरून सुटून कॅचरच्या गुडघा ते छाती यांदरम्यान येतो. गन उभ्या माणसाच्या छातीच्या उंचीवर ठेवली की ही चूक नगण्य होते. गन तिपाईवर बसवलेली बरी. हात हलल्याने आकडा फारसा बिघडत नाही, पण पन्नासाव्या चेंडूपर्यंत दमलेल्या हाताने गन हळूहळू खाली झुकते.

नेम चेंडूवर धरण्याची गरज नसते. गनमधून निघणारा तरंगांचा झोत शंकूच्या आकाराने पसरतो. १२ अंशांच्या झोताची रुंदी १८ मीटरवर जवळजवळ ३.८ मीटर होते. म्हणून गनचा रोख चेंडू सुटण्याच्या जागेवर स्थिर ठेवावा, चेंडूचा पाठलाग करू नये. ज्या गनला चाप आहे त्यात तो चेंडू सुटण्याच्या किंचित आधी दाबून धरावा. चेंडू पाहून मग चाप ओढणाऱ्याला नेहमी उतरलेला वेग मिळतो.

मैदानामागील लोखंडी जाळी ही मोठी अडचण असते, कारण ती तरंगांचा काही भाग गनकडे परतवते. जाळीपासून दोन-तीन पावले मागे उभे राहण्यापेक्षा गनचे तोंड जाळीच्या एका मोकळ्या घरासमोर अगदी जवळ आणावे. सुती किंवा नायलॉनच्या जाळीचा असा त्रास होत नाही. गन आणि चेंडू यांच्यामध्ये कॅचर किंवा पंच येणार नाही हेही पाहावे. चेंडू त्यांच्या खांद्यावरून दिसत असेल तर ती जागा योग्य आहे.

गन पिचरच्या मागे मांडणे हा दुसरा पर्याय आहे. चेंडू दूर जात असला तरी डॉप्लर फरकाचे प्रमाण तेच राहते, शिवाय गनच्या सर्वांत जवळचा बिंदू हातापाशीच असल्याने सुटतानाचा वेग चांगला पकडला जातो. मात्र पिचरचे शरीर चेंडू झाकते आणि त्याचा हात चेंडूच्याच वेगाने फिरत असतो, त्यामुळे कोणत्या वस्तूचा वेग मोजला गेला याची खात्री राहत नाही.

खोटे आकडे

गनला चेंडू ओळखता येत नाही. झोतात हलणाऱ्या वस्तूंपैकी सर्वांत प्रबळ परतावा देणारी किंवा सर्वांत वेगवान वस्तू ती निवडते. बॅटरने बॅट फिरवली की बॅटचा वेग, कॅचरने चेंडू परत फेकला की त्या फेकीचा वेग पडद्यावर येऊ शकतो. म्हणून प्रशिक्षणात बॅटरविना घेतलेली मापे अधिक स्वच्छ असतात. किमान वेगमर्यादा ठरवण्याची सोय असल्यास ती अपेक्षित वेगाच्या बरीच खाली, पण चालणाऱ्या माणसाच्या आणि परतफेकीच्या वर ठेवावी.

बंदिस्त सरावगृहात पंख्याची पाती, ट्यूबलाइट आणि पत्र्याच्या भिंती गोंधळ घालतात. शेजारी त्याच वारंवारतेची दुसरी गन चालू असेल तर दोघींचेही आकडे बिघडतात. उतरलेल्या बॅटरीवर मोजणे टाळावे. मैल आणि किलोमीटर यांची अदलाबदल हा तर सर्वांत साधा घोटाळा. मोजणीपूर्वी रिकाम्या मैदानावर गन काही क्षण चालू ठेवावी. समोर काही हलत नसताना आकडा उमटला, तर आधी त्याचे कारण शोधावे.

नादकाट्याने तपासणी

अनेक गनबरोबर एक नादकाटा मिळतो. तो लाकडावर किंवा बुटाच्या तळव्यावर हलकेच आपटून गनच्या तोंडासमोर काही सेंटीमीटरवर धरला की, त्याच्यावर कोरलेला वेग पडद्यावर दिसला पाहिजे. धातूवर आपटल्यास काटा बिघडतो. के-बँडसाठी ६० मैलांचा काटा सुमारे ४,३२० हर्ट्झने कंप पावतो. तोच काटा ३४.७ गिगाहर्ट्झच्या गनसमोर धरला तर ती ४२ मैलांच्या आसपास आकडा दाखवील, आणि त्यात गनचा काहीही दोष नसेल. प्रत्येक गनला तिच्याच बँडचा काटा लागतो.

या तपासणीची मर्यादा फारशी सांगितली जात नाही. काट्याने गनची कंपने मोजण्याची यंत्रणा तपासली जाते, ती सोडत असलेल्या तरंगांची मूळ वारंवारता नव्हे. ती वारंवारता सरकली असेल तर काटा बरोबर आकडा दाखवूनही चेंडूचे माप चुकू शकते. अर्थात २४.१५ गिगाहर्ट्झमध्ये ०.१ गिगाहर्ट्झची सरक झाली तरी चूक ०.४ टक्के, म्हणजे १४५ किमीमागे ०.६ किमी इतकीच येते. तीन मीटर बाजूला उभे राहण्याची किंमत याहून अधिक असू शकते.

आकड्याचे परिणाम

अमेरिकेत सोळा-सतरा वर्षांच्या मुलाला विद्यापीठाची शिष्यवृत्ती मिळेल का, व्यावसायिक संघाची नजर त्याच्यावर पडेल का, हे पुष्कळदा या आकड्यावर अवलंबून असते. भारताचाही एक संबंध येथे आहे. २००८ मध्ये भारतात झालेल्या ‘मिलियन डॉलर आर्म’ या स्पर्धेत वेग आणि अचूकता यांच्या आधारे उत्तर प्रदेशातील रिंकू सिंग आणि दिनेश पटेल या भालाफेकपटूंची निवड झाली आणि पुढे त्यांना पिट्सबर्ग पायरेट्स संघाचा करार मिळाला. त्यापूर्वी दोघेही बेसबॉल खेळलेले नव्हते. त्यांची गुणवत्ता ओळखण्याचे मुख्य साधन गन हेच होते.

याची दुसरी बाजू चिंतेची आहे. चुकीच्या जागी धरलेल्या गनने तीन-चार मैल कमी दाखवले, तर मूल ते तीन-चार मैल भरून काढण्यासाठी हात अधिक ताणते. कोपराच्या आतील अस्थिबंध फाटणे ही पिचरची ओळखीची दुखापत आहे. तिच्यावरील ‘टॉमी जॉन’ शस्त्रक्रिया डॉ. फ्रँक जोब यांनी प्रथम १९७४ मध्ये केली. रडार गन बेसबॉलमध्ये आली तेही तेच वर्ष, हा निव्वळ योगायोग. मात्र डिसेंबर २०२४ मध्ये मेजर लीग बेसबॉलने प्रसिद्ध केलेल्या अहवालात पिचरच्या वाढत्या दुखापतींचा संबंध वेगाच्या हव्यासाशी आणि प्रत्येक चेंडू सर्वशक्तीनिशी टाकण्याशी जोडला आहे. वाढत्या वयाच्या मुलांच्या सरावात प्रत्येक चेंडूनंतर आकडा मोठ्याने जाहीर करण्याची प्रथा या दृष्टीने अयोग्य वाटते. मापे प्रशिक्षकाच्या वहीत राहिली तरी काम भागते.

चित्रफितीने पडताळा

गन शंकास्पद वाटल्यास एक स्वतंत्र पडताळा घेता येतो. सेकंदाला २४० चित्रे टिपणाऱ्या मोबाइलने बाजूने चित्रीकरण करावे. चेंडू हातातून सुटल्याच्या चित्रापासून तो कॅचरच्या हातमोज्यात शिरण्याच्या चित्रापर्यंतची चित्रे मोजावीत. त्या संख्येला २४० ने भागले की वेळ मिळतो आणि दोन बिंदूंमधील फितीने मोजलेल्या अंतराला वेळेने भागले की सरासरी वेग. १६.३ मीटर अंतराला १०१ चित्रे लागली, तर वेळ ०.४२१ सेकंद आणि वेग सुमारे १३९ किमी प्रतितास येतो. एका चित्राची चूक एक टक्का, म्हणजे सुमारे १.४ किमी धरावी.

हा संपूर्ण मार्गावरचा सरासरी वेग असल्याने सुटतानाच्या वेगापेक्षा तो चार टक्क्यांच्या आसपास कमी असतो. गनवर १४५ आणि चित्रफितीवर १३९ आले, तर दोन्ही मापे परस्परांशी जुळतात. गनवर १३४ आणि चित्रफितीवर १३९ आले, तर गन चेंडू उशिरा पकडत आहे किंवा रेषेपासून बाजूला आहे. अशा वेळी प्रथम तिपाई हलवून पाहावी. वहीत आकड्याबरोबर गनची जागा, प्लेटपासूनचे अंतर, उंची आणि बँड नोंदवून ठेवल्यास पुढच्या महिन्यातील माप त्याच मांडणीत घेता येते.